उजवा कान

जुन्या वस्तू कशा सांभाळायच्या हे शिकवणारा उन्हाळी वर्ग संग्रहालयाच्या तळघरात भरायचा. ताई तो गेल्या वर्षीच शिकली होती आणि यंदा मदतनीस म्हणून तिथंच टिकायची तिची धडपड चालली होती. धाकटीसाठी तिनंच शब्द टाकला होता. त्यामुळे चूक धाकटीची झाली तरी मान ताईची खाली जायची.

तिसऱ्या आठवड्यात धाकटीच्या वाट्याला माणसाएवढी लाकडी मूर्ती आली. कुठल्याशा जुन्या दंगलीत कुणीतरी तिच्यावर कुऱ्हाड चालवली होती. गाल फोडलेला, दोन्ही मनगटं तोडलेली, छातीवर नऊ घाव, एक कान मुळापासून उडवलेला. मारणाऱ्याचा हात दमला असेल, राग दमला नव्हता. आता एकेक घाव बघून नोंदीच्या कागदावर लिहायचा होता. शिकवणाऱ्या बाईंचा दंडक एकच, डावं-उजवं मूर्तीचं धरायचं, आपलं नाही. धाकटी नेमकं तेच विसरली. गेलेला कान डावा, तिनं लिहिला उजवा. बाईंनी घाईत सही ठोकली आणि खोलीला कुलूप घालून सगळे जेवायला गेले.

परत आले तेव्हा उजवा कानही नव्हता. घाव ताजा, पांढरा होता आणि खाली ढलप्या पडल्या होत्या. किल्ली बाईंच्या कमरेलाच होती.

बाईंनी कागद वाचला, मूर्ती बघितली, पुन्हा कागद वाचला. बाहेर बोलू नका, एवढंच म्हणाल्या. ताईची मात्र खात्री पटली होती की चूक झाकायला धाकटीनंच कान तोडला. जिन्यात तिनं धाकटीचा दंड धरला.

"माझं नाक कापलंस," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी ताईचा अबोला. धाकटीला काही सुचेना. कालच्या प्रकाराचा तिनं आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता, दुसरी किल्ली असणार कुणाकडे तरी. ताईला हसवावं म्हणून तिनं नोंदीचा एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं: वस्तू, ताई. घडण, हाडं आणि राग. नाक, मुळापासून कापलेलं. कागद ताईच्या टेबलावर ठेवून ती जेवायला गेली.

ताई जेवायला आलीच नाही. हट्टानं आत काम करत बसली होती. कालपासून धसका घेतलेल्या बाईंनी बाहेरून कुलूप घातलं होतं. ताईनं आज चार नोंदी दिल्या, सह्या करून आले, असं बाई सहज बोलून गेल्या.

ताईच्या टेबलावर सकाळपासून तीनच मूर्ती होत्या.

घास धाकटीच्या तोंडातच राहिला. ती पळत सुटली, बाई मागोमाग.

तळघराच्या बोळात पहिला घाव ऐकू आला.

मग दुसरा. लाकडात नव्हे, ओल्या कशात तरी बसल्यासारखा.

धाकटी दारावर मुठी आपटत राहिली. बोटांची सालं निघाली. बाईंच्या हातून कुलपाला किल्ली लागेना.

तिसरा घाव.

दार उघडलं.

ताई टेबलाशी बसली होती. कामाच्या दिव्याचा झोत तिच्या चेहऱ्यावर होता आणि नाक जागच्या जागी होतं, तेच पसरट नाक, ज्याला धाकटीनं जन्मभर नावं ठेवली. तिला रडूच फुटलं. तिला एवढं हायसं कधीच वाटलं नव्हतं.

"बाहेर लाकडं कोण फोडत होतं गं?" झोतापलीकडच्या अंधाराकडे बघत ताईनं विचारलं. राग गेलेला दिसत होता. "आणि तुझा कागद वाचला. फक्त माझं नाव खोडलं नि तुझं घातलं. नाक कापून घ्यायला मीच बरी सापडले?"

धाकटी हसत पुढे झाली, दिव्याच्या उजेडात आली.

ताईच्या हातातलं पेन पडलं. तिनं चाचपडत रुमाल काढला आणि धाकटीच्या पुढे धरला.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं. आवाज गेंगाणा आला.