मुलींच्या कोठडीचं कुलूप

या रे, जवळ सरका. आणि ए रूफिनो, दात काढू नकोस. ही थाप नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या, निकानोरच्या बाबतीत घडलंय हे. पाच वर्षांपूर्वी, बारा ऑगस्टच्या रात्री.

दुसऱ्या दिवशी आपल्या संताचा, सान कासियानोचा सण. आदल्या संध्याकाळी पाद्र्यांच्या जुन्या मिशनच्या चौकात जुन्या काळाचा खेळ होतो, तुम्हाला ठाऊकच आहे. घंटा झाली की पोरी लांब झगे घालून कोठडीत शिरतात. पूर्वी पाद्री लोक आपल्या पणज्या-खापरपणज्यांना, लग्न न झालेल्या पोरींना, तिथेच रात्रभर कोंडून ठेवत. कितीजणी आतच मेल्या. त्याचंच सोंग. निकानोर किल्लीवाला. पोरी आत गेल्या की कुलूप घालायचं, टाळ्या पडल्या की काढायचं. एरवी कुलूप नुसतं अडकवतात. त्या वर्षी या शहाण्याने खरंखुरं घातलं. म्हणे, "आपल्याच माणसांचे हाल ते, लुटुपुटूचे कशाला दाखवू?"

खेळ झाला. पोरी खिदळत बाहेर आल्या नि मक्याच्या गरम तामालेंवर तुटून पडल्या. निकानोरने रिकाम्या कोठडीला पुन्हा कुलूप ठोकलं आणि ताट घेतलं. तेवढ्यात बायको आली.

"मारिसेला कुठंय? तिचा दम्याचा पंप माझ्याकडेच राहिला."

"असेल मैत्रिणींत."

"नाहीये. सगळ्यांना विचारून आले."

घास त्याच्या तोंडातच राहिला. एकुलती एक पोर, तीही खेळात होती, त्यात दमा. आणि कोठडीला खिडकी नाही. पंप हिसकावून घेतला नि सुटला धावत.

दाराला कान लावला. आत कुणीतरी श्वास ओढत होतं. घरघर... मग काहीच नाही... मग पुन्हा घरघर.

"मारिसेला! आलो गं बाळा, आलो!"

किल्ली फिरेना. फिरली एकदाची. आत मिट्ट काळोख. त्याने हात पुढे केला. हातात हात आला.

गार होता. खरखरीत.

"हा घे पंप. ओढ."

पंप कुणी घेतला नाही. हात मात्र सुटेना.

"बरं, आधी मोकळ्या हवेत चल."

दिवे सगळे जेवणाकडे. चौकात अंधार. तो तिच्याशी बोलत चालला होता. घरघर कमी होत गेली. वाचली रे देवा, म्हणून त्याला रडूच फुटलं.

फाटकाशी त्याची गाडी उभी होती. गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर पाय हलवत मारिसेला बसली होती. तामाले खात.

"पप्पा, एकटेच कुणाशी बोलताय?"

निकानोर जागच्या जागी थिजला. हात अजून हातात होता...

वळून बघायची छाती होईना. डोळे मिटले. पण हात झटकला नाही हं त्याने. म्हणाला, "जा गं पोरी. फाटक उघडंच आहे."

एकेक बोट सुटलं.

फाटकाबाहेर बायका मिरवणुकीच्या वाटेवर लाकडाच्या रंगीत भुशाची रांगोळी घालत होत्या. सान कासियानोची मूर्ती जाईपर्यंत तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही. त्यांनी कुणालाच बाहेर पडताना पाहिलं नाही.

सकाळी रांगोळीवर पावलं होती. अनवाणी, मारिसेलाच्या वयाच्या पोरीची. फाटकातून निघून डोंगराकडे गेलेली, पाद्री यायच्या आधी जिथे आपली जुनी वस्ती होती तिकडे. बायकांनी ती बुजवली नाहीत. मूर्ती त्या वर्षी कडेकडेनं नेली.

सगळी पावलं जाणारी होती. परत आलेलं एकही नव्हतं.