पाचवी रेघ

लाँच सुटली तेव्हा त्याचा एक पाय धक्क्यावर होता आणि दुसरा लाँचवर. दोन्ही हातांत पेटी, तीही अशी छातीशी धरलेली की पडला असता तरी आधी पेटीच वाचवली असती. सुकाणूवरून उठून तिनं त्याची कॉलर पकडली आणि पोतं ओढावं तसा त्याला आत ओढला.

"पुढच्या वेळी दोन्ही पाय एकाच ठिकाणी ठेवा," ती म्हणाली.

"ठेवेन की... कुठं ठेवू, तेवढं सांगा."

लाँचमधल्या बाया खुदखुदल्या. ती सुकाणूवर परतली आणि लाँच गरजेपेक्षा जरा जोरातच वळवली.

तो धरणात साचलेला गाळ मोजायला आला होता. पेटीत पाण्याची खोली सांगणारं यंत्र होतं. दोन दिवसांत धरणकाठच्या अख्ख्या वसाहतीनं त्याचं नाव 'गाळवाला' ठेवून टाकलं. सकाळच्या फेऱ्या संपल्या की तिची लाँच त्याच्या दिमतीला. त्याच्या नकाशावर या काठापासून त्या काठापर्यंत सहा सरळ रेघा आखलेल्या होत्या. त्या रेघांवरून तिनं लाँच नाकासमोर न्यायची आणि त्यानं यंत्राच्या पडद्यावर नजर ठेवायची, असं ठरलं होतं. तिनं आपलं काम चोख केलं. त्याचं काही खरं नव्हतं.

"पडदा तिकडं आहे," ती मान न वळवता म्हणायची.

"तिकडं नुसतं पाणी आहे."

"आणि इकडं?"

"इकडचा अजून... अंदाज येत नाहीये."

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर यायचे ते बरंच व्हायचं, गालातलं हसू झाकायला दुसरं काही जवळ नव्हतं.

चार रेघा अशा झाल्या. पाचवीच्या मध्यावर तिनं एकाएकी चाक उजवीकडं फिरवलं. "सरळ घ्या ना," तो म्हणाला. "इथं सरळ जात नाहीत," ती म्हणाली, आणि का ते तिनं सांगितलं. त्या पाण्याखाली त्यांचं जुनं गाव होतं. धरणासाठी गाव उठलं, त्याच वर्षी लोकांनी ठरवलं की आपल्याच छपरांवरून होडी न्यायची नाही. सव्वीस वर्षं झाली, साधी मासे धरणारी होडीसुद्धा तिथं वळसा घालत होती. हा नियम घालून दिला तिच्या वडिलांनी, अण्णांनी. ती स्वतः नव्या वसाहतीत जन्मलेली पहिली मुलगी. या पाण्यानं तिला लाँच दिली, घरात दिवे दिले, ती पाण्याचे उपकार मानायची. अण्णा मात्र धक्क्यावर बसले तरी पाण्याकडं पाठ करून बसायचे.

सहावी रेघ झाली. उरली पाचवी. ती राहिली तर मोजणी अर्धवट ठरणार, कचेरी याला परत बोलावणार आणि दुसरा कुणी येणार, जो कुणाला विचारत बसणार नाही. याला परत बोलावणार... हे मनात आलं आणि तिचं तिलाच कळून चुकलं, की प्रकरण आता गाळापुरतं राहिलेलं नाही.

मग तिनंच तोड काढली. दुपारी अण्णा झोपतात, तासाभरात रेघ उरकू, कुणाला पत्ता लागणार नाही. क्षणभर त्याला मोह झालेला तिला दिसला. मग त्यानं पेटीचं झाकण लावलं.

"चोरून नको," तो म्हणाला. "मी त्यांना विचारतो. नाही म्हणाले तर नाही."

त्या क्षणी ती त्याच्या प्रेमात पडली. आधीचे पंधरा दिवस तिचा नुसता पाय घसरत होता.

अण्णा धक्क्यावर फाटलेली लाइफ जॅकेटं शिवत बसले होते. त्यानं समोर बसून सगळं सांगितलं. अण्णांनी सुई थांबवली नाही.

"काय मोजणार तिथं? माझं घर किती गाळात गेलं, ते?"

"हो," तो म्हणाला.

लाँचला दोर बांधायच्या निमित्तानं ती जवळच घुटमळत होती, तिचा जीव टांगणीला लागला. पण तो बोलत राहिला.

"मी धरणाच्या खालच्या अंगाचा. आई दोन कोसांवरून पाणी आणायची, मीही तिच्या मागं असायचो. मी आठ वर्षांचा असताना कालवा आला आणि मला शाळेत घातलं. अण्णा, मी शिकलो तो तुमच्या घराच्या जिवावर. निघताना आईनं बजावलं होतं, तिथलं कुणी भेटलं तर माझा नमस्कार सांग, आभार मान. मला... धीरच होत नव्हता."

सुई थांबली. अण्णांनी हातातलं जॅकेट बाजूला ठेवलं.

"मोजायला आले, मतं मागायला आले," ते म्हणाले. "आभार मानायला कुणी आलं नव्हतं."

मग ते उठले आणि लाँचमध्ये जाऊन बसले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाण्याकडं तोंड करून.

पाचवी रेघ त्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर झाली. इथं विहीर, इथं शाळा, आता जरा हळू घे. एका जागी त्यांनी लाँच थांबवायला सांगितली. पडद्यावरची रेघ तिथं एकदम वर चढून चौकोनी झाली होती.

"तुमच्या घराचं जोतं दिसतंय, अण्णा," तो हळूच म्हणाला. "गाळ अजून चढलेला नाही."

अण्णांनी पडद्यावर हात ठेवला. रडत होते, आणि तोंडभर हसतही होते. तिनं वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि हे ज्याच्यामुळं झालं त्याचे उपकार कसे फेडायचे ते तिला कळेना.

"आईला काय निरोप सांगू?" त्यानं विचारलं.

"निरोप कशाला? त्यांनाच घेऊन ये," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "आणि पंधरा दिवस माझ्या पोरीकडं बघतोयस, तर त्यांना आणायच्या आधी तिला काय ते विचार. मला दिसत नाही असं समजू नका दोघं."

तो पेटी धरून तिच्यासमोर उभा राहिला. "तुम्ही... म्हणजे मी... तुमची हरकत नसेल तर..."

"नाही हरकत," ती म्हणाली. "घेऊन ये आईंना. तुला इथं पाठवलं म्हणून मलाही त्यांचे आभार मानायचेत."

एवढं बोलून तिनं चाक हातात घेतलं. कानापर्यंत लाल झालेला गाळवाला धक्का येईपर्यंत यंत्राच्या बंद पडद्याकडं बघत बसला.