आतल्या बाजूची कडी

हे खरं घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ, पद्माकर. आम्ही दोघं सिंगापुरात, तो पुंगोलला राहतो, मी सेरंगूनला. तो थापा मारणाऱ्यातला नाही. उलट दुसऱ्याची थाप हा आधी पकडणार. कुणावर चटकन विश्वास ठेवणं त्याला कधी जमलंच नाही...

आणि त्यामुळेच पुढचं सगळं झालं.

स्टेशनचं नाव मी लिहिणार नाही. तिथे आता लोक रविवारी मुलांना घेऊन जातात. उगाच कुणाच्या मनात काही नको. एवढंच सांगते, सिंगापूरहून मलेशियाला जाणारी जुनी रेल्वे बंद झाली, रूळ काढले गेले, आणि त्या वाटेवर रान माजलं. त्याच वाटेवर, पूर्वी जिथे खेडं होतं तिथे, हे एवढंसं स्टेशन. एक फलाट आणि एक तिकीटघर. ते जसंच्या तसं उभं करायचं, थोडे रूळ पुन्हा टाकायचे आणि त्यावर जुनी छोटी गाडी चालवायची, असं ठरलं होतं.

पद्माकर जुन्या इमारती दुरुस्त करणारा इंजिनियर. काम त्याच्याकडे आलं.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर.

रात्र नव्हती. काळोख नव्हता. जे झालं ते भर दुपारी, तीनच्या सुमाराला...

जुन्या नकाशात तिकीटघराच्या मागच्या भिंतीत एक दार दाखवलेलं होतं. पलीकडे छोटी खोली, पार्सलं ठेवायची. प्रत्यक्षात तिथे सपाट भिंत. पद्माकरने बोटांनी ठोकून पाहिलं तर आवाज पोकळ. गिलावा काढला. आत विटा. विटा काढल्या...

त्यामागे दार होतं. सागवानी, रंगाचे थरच्या थर चढलेलं.

ते विटांनी कुणी बुजवलं, कधी, कशासाठी, याची नोंद कुठेच सापडली नाही.

ढकलल्यावर दार सहज उघडलं. खोली आठ फूट बाय सहा. खिडकी नाही. छताजवळ एका विटेएवढं भोक, त्याला जाळी. बाकी रिकामी.

इतकी वर्षं बंद असलेली खोली. कोळिष्टकं हवीत. पाली हव्यात. सिंगापूरच्या या दमट हवेत निदान मुंग्या तरी हव्यात...

काहीच नव्हतं. फरशी आत्ता पुसल्यासारखी.

सुतारकाम प्रतापकडे होतं. प्रताप कराडचा. नऊ वर्षं वर्क परमिटवर इथे. पद्माकरनेच त्याला या कामावर घेतलं होतं, कारण जुन्या लाकडाला हात लावावा तर यानेच. त्याने दार उतरवलं, फलाटावर सुतारी लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि चार दिवस रंग खरवडला. कोरं लाकूड दिसेपर्यंत.

चौथ्या दिवशी त्याने पद्माकरला बोलावलं.

"साहेब, हे बघा. आतल्या अंगाला स्क्रूची भोकं. इथं कडी होती."

"मग बसव. जे होतं ते परत करायचं, हेच तर आपलं काम."

प्रताप खाली बघत म्हणाला, "पार्सलच्या खोलीला आतनं कडी कशाला, साहेब? आत राहतंय कोण?"

"असेल काही कारण. तू बसव."

"नको वाटतंय."

"प्रताप, नकाशाप्रमाणे सगळं व्हायला हवं. उद्या तपासणीत विचारलं तर मी काय सांगू, सुताराला नको वाटलं?"

सोमवारी प्रतापने दार परत चढवलं आणि कडी बसवली. नवी स्टीलची, जुनी दिसावी म्हणून वर काळा रंग.

मंगळवारी दुपारी तीनला पद्माकर मोजमाप घ्यायला आत जायला लागला.

दार उघडेना.

त्याने खांदा लावला. दार हललं, पण वरच्या बाजूला अडकत होतं... बरोबर तिथेच, जिथे आतून कडी होती.

"कोण आहे आत?"

तो माणसं बोलवायला फलाटावर गेला. सगळे तिथेच होते, प्रताप सोडून. दोघांना घेऊन तो परत आला. मध्ये दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील.

दार उघडं होतं. सताड.

आणि प्रताप बाहेरून चालत येत होता, हात पुसत.

"कुठे होतास?"

"हात धुवायला गेलतो."

पद्माकरच्या मनात नोंद झाली. कडी बसवायला हाच तयार नव्हता. आता हाच आत जाऊन बसतो आणि आम्हाला घाबरवतो... म्हणजे आपण कडी काढून टाकू.

पुढचे तीन आठवडे पद्माकर स्टेशनचं काम कमी आणि प्रतापवर पहारा जास्त करत होता. हे त्याने स्वतः मला सांगितलं. प्रताप कुठे जेवतो, कुणाशी बोलतो, कधी दिसत नाही, सगळं डोक्यात. दार आणखी चार वेळा बंद झालं. कधी पाच मिनिटं, कधी वीस. पद्माकर तिथून हलला, की उघडं. दरवेळी तो आत जाऊन कडी बघायचा. काळी, जागच्या जागी. आणि दरवेळी प्रताप जवळपास कुठेतरी, नाहीतर कुठेच नाही.

एका दुपारी विजांचा इशारा झाला. साइटवरचा लाल दिवा लागला, की सगळ्यांनी काम सोडून साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये जायचं, असा नियम आहे. सगळे गेले. पद्माकर तिकीटघरातले कागद उचलायला थांबला.

बाहेर रातकिडे कर्कश ओरडत होते. तिथे दिवसाही ओरडतात.

ते एकदम थांबले...

आणि त्या शांततेत आवाज आला. खर्र... खट्.

आतून कडी लागल्याचा.

"प्रताप, बाहेर ये. आज मी इथून हलणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मोठ्या साहेबांचा. आत रेंज नव्हती, म्हणून पद्माकर फलाटाकडच्या दारापर्यंत गेला, दोन वाक्यं बोलला, वळला.

खोलीचं दार उघडं. आणि तिकीटघराच्या मध्यभागी प्रताप उभा, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला.

"पावसात पुलाखाली अडकलो होतो, साहेब. पलीकडच्या दारानं पळत आलो."

"खोटं बोलू नकोस."

प्रतापने त्याच्याकडे सरळ बघितलं. पहिल्यांदाच.

"खोटं कोण बोलतंय ते तुमाला म्हाईत हाय, साहेब. मला अडकवायचं असंल तर तसं सांगा."

पद्माकरला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. त्या रागात त्याला एक गोष्ट विचारायची सुचलीच नाही... मी तुला कशात अडकवतोय?

पुढच्या आठवड्यात तपासणीला चार अधिकारी आले. तीन वाजता नेमकं दार बंद. घाम पुसत पद्माकर म्हणाला, लाकूड फुगलंय. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी पद्माकरने कंपनीला कळवलं, हा माणूस साइटवर नको. कामात मुद्दाम अडथळे आणतो.

प्रतापचं परमिट रद्द झालं. आठ दिवसांत तो कराडला परत गेला. जाताना पद्माकरला भेटायला आला नाही.

तो कराडला पोचल्याचं कळलं, त्या रात्री घरी नीताने, पद्माकरच्या बायकोने, विचारलं, "पुरावा होता का काही?"

"दुसरं कोण करणार?"

"हा पुरावा नाही झाला."

त्यांची लेक अवनी ताटावरून म्हणाली, "बाबा, यू ऑल्वेज लाइक दॅट लाह." म्हणजे, तुमचं नेहमी असंच. पद्माकर उठून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिकीटघरात एकटाच स्टूल टाकून बसला. खोलीचं दार त्यानेच ओढून घेतलं होतं. आत कुणी नाही हे आधी बघून. आता काही होणार नाही, एवढंच त्याला स्वतःला दाखवायचं होतं.

तीन वाजले.

रातकिडे थांबले...

खर्र. खट्.

पद्माकर जागचा हलला नाही. हलताच येईना, म्हणाला. छताजवळच्या भोकातून आत थोडा उजेड येतो, त्याची एक बारीक रेघ दाराखाली दिसते. तो त्या रेघेकडे बघत राहिला.

आतून काहीतरी दारावर टेकलं. हळू. मग घसरत खाली गेलं, कुणीतरी पाठ टेकून बसावं तसं...

आणि उजेडाची रेघ मधोमध बुजली.

"घाबरवायला नव्हतं गं ते," तो मला म्हणाला. "तसं वाटलंच नाही. उलट... जे कोण होतं ते दार धरून बसलं होतं. आम्ही आत येऊ नये म्हणून."

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. मग रेघ पुन्हा दिसू लागली. कडी सरकली. दार बोटभर सैल झालं.

दिवस होता, बाहेर माणसं होती, म्हणून तो आत जाऊ शकला. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. एकदाची ती कडी काढून टाकायची.

स्क्रूला खाचच सापडेना.

टॉर्च मारला. खाचा रंगाने भरल्या होत्या. त्याने नखाने खरवडलं. काळ्याखाली हिरवा. हिरव्याखाली पिवळा. त्याखाली परत हिरवा... पन्नास-साठ वर्षांचे थर. कडीची मूठ एका बाजूने झिजलेली, अंगठा लागून लागून झिजते तशी.

आणि भोवतीचं दार कोरं. दीड महिन्यापूर्वी खरवडलेलं.

हे थर दुसऱ्या कुणाला नाही, पद्माकरलाच कळणार. त्याचा धंदाच तो.

फलाटावर येऊन त्याने प्रतापला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"प्रताप, ही कडी तू कुठून आणलीस?"

"कुठली कडी?"

"पार्सलच्या खोलीची."



"साहेब, माझी कडी मी तिसऱ्याच दिवशी काढली. तुमाला न विचारता. भीती वाटली म्हणून. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथं दुसरी. मला वाटलं तुम्ही बसवली. मला पकडायला."

"मग बोलला का नाहीस?"

"न विचारता काढली म्हणून आधीच घाबरलो होतो. आणि तुम्ही रोज त्या कडीकडं बोट दाखवून माझ्याकडं बघायचा. काय बोलणार?"

पाच मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कराडच्या घरातली खाट, तिच्यावर प्रतापची हत्यारांची पिशवी, आणि पिशवीवर स्टीलची कडी. काळा रंग. नवीकोरी.

पद्माकरने कंपनीला पत्र लिहिलं. चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. कंपनी प्रतापला परत घ्यायला तयार झाली. प्रताप आला नाही. "राग नाही, साहेब," एवढंच म्हणाला. "पण आता कुणी माझ्याकडं टक लावून बघितलं की हाताला कापरं भरतंय." सुताराच्या हाताचं असं होणं म्हणजे काय, ते पद्माकरला कळतं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

खोलीचं काय केलं? पद्माकरने अहवालात लिहिलं की भिंतीत ओल आहे, दार उघडं ठेवणं धोक्याचं. परवानगी मिळाली. दार होतं तसंच ठेवून पुन्हा विटा रचायच्या.

हे सगळं त्याने मला गेल्या महिन्यात सांगितलं, आमच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या त्या बाजारात, सकाळी. चहा गार झाला होता. मी सहज विचारलं,

"विटा घालायच्या आधी आत नजर टाकलीस ना?"

तो चमच्याने गार चहा ढवळत राहिला.

"पद्माकर?"

"सकाळी दहाला काम सुरू केलं, ताई. म्हटलं, तीनच्या आत संपेल." तो थांबला. "दार आतून बंद होतं. सकाळी दहाला. पहिल्यांदाच."

"मग?"

"रचल्या विटा."

मी विचारलं, आतून कुणी वाजवलं वगैरे...

"नाही. एकदाही नाही. अडीच तास मी तिथेच उभा होतो." त्याने कप बाजूला सरकवला. "शेवटची वीट बसली. गवंड्याने थापी मारली. आणि मग..."

"मग काय?"

"मग आतून कडी उघडली."