ऊब टिपणारा कॅमेरा

दुपारी कॅमेरे बसवणारा आला, तेव्हा म्हातारा मासळीच्या शीतगृहाबाहेर खुर्ची टाकून बसला होता. इथली राखण तोच करी. पेट्या मोजायचं काम त्याच्या सुनेकडे होतं.

“हा घुमटासारखा, बाबा. कुठे बघतोय ते चोराला कळत नाही. हा लांबुळका दूरचं टिपतो. आणि हा आतला, ऊब बघतो. अंधार असो, धुकं असो, अंगात ऊब असली की पडद्यावर पांढरं दिसणार.”

“गोठलेल्या माशाला कसली ऊब? मालकाला कुणीही टोपी घालतं.”

बसवणारा हसला. बाहेरच्या शिडीवर चढून त्याने भिंतीच्या भोकातून कॅमेरा आत वळवला आणि खाली येऊन पडदा लावला.

“आत दोघं आहेत की...”

“कुणी नाही. सून डबा घेऊन जेवायला गेलीय.”

म्हाताऱ्याची नजर खुंटीवर गेली. सुनेचा डबा तिथेच होता.

तो पडद्यावर वाकला. पेट्यांमागे एक आकृती मुटकुळं करून बसलेली. विझत आलेल्या निखाऱ्यासारखी फिकट. दुसरी तिच्यासमोर उभी, लख्ख पांढरी, एक हात कमरेवर, दुसरा हवेत नाचवत. ती उभं राहायची तऱ्हा त्याने जन्मभर पाहिली होती.

त्याने धावत जाऊन कडी ओढली. दार बर्फाने धरलं होतं. दोघांनी खांदे लावले तेव्हा ते उघडलं. आत काळोख, यंत्राची घरघर, मासळीचा गार वास. पेट्यांमागे सून एकटीच होती. ओठ निळे, पण डोळे उघडे.

बाहेर उन्हात गोधडीत गुंडाळल्यावर ती पुटपुटली, “दिवा गेला, बाबा... दाराची आतली मूठ हलेना. हाका मारल्या. मग डोळे मिटायला लागले...”

“मग?”

“सासूबाई झोपू देईनात. आळशी म्हणाल्या, घरबुडवी म्हणाल्या. माझ्या आईचासुद्धा उद्धार केला.” ती हसता हसता रडायला लागली. “जिवंतपणी एवढं बोलल्या नव्हत्या हो...”

“बोलली होती,” म्हातारा म्हणाला. “तू ऐकत नव्हतीस.”

डॉक्टर येऊन गेला. धोका नव्हता. संध्याकाळपर्यंत सून घरी भाजी चिरताना सगळ्यांची मापं काढू लागली.

म्हाताऱ्याने आतली मूठ बदलून घेतली, मासळी गेली तरी बेहत्तर म्हणून दार दोरीने उघडं बांधलं आणि जायच्या आधी पडद्याकडे पाहिलं. सगळं काळं. फक्त सून बसली होती तिथल्या पेटीवर पांढरा पंजा उमटलेला.

“विझेल हळूहळू,” उरलेले कॅमेरे लावून आलेला बसवणारा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. “ऊब टिकत नाही, बाबा...”

सकाळी म्हातारा सगळ्यांच्या आधी आला. पडद्यावर पाहिलं, तर पेटीवर काही नव्हतं. पंजा आता दाराच्या आतल्या बाजूला होता, नव्या मुठीच्या अगदी शेजारी. दार घट्ट लावलेलं, आणि दोरी सोडून, नीट गुंडाळून, बाहेर त्याच्या खुर्चीवर ठेवलेली होती.