गार्गीचे शनिवार

सातवी सावली लंगडी होती. बाकीच्या सहा पुढे पळायच्या आणि ती मागून ओरडायची, “थांबा की गं!”

दवाखान्याच्या दारावरची पाटी : ठसा देणाऱ्याने उपाशी यावे. घेणाऱ्याने पोटभर जेवून यावे.

मराठी शाळा शनिवारी सकाळी भरायची. गणवेश पांढरा. आधी कवायत, मग पाढे. इंग्रजी शाळेला शनिवारी सुट्टी.

प्रयोगशाळेत एका गोगलगाईला घाबरायला शिकवलं. मग तिची भीती काढून दुसरीला दिली. दुसरी शंखात शिरून बसली. पहिली निवांत पालक खात राहिली.

‘टिंबूच्या सात सावल्या’ या कार्टून मालिकेची एकही प्रत आता जगात नाही. कंपनी बुडाली, तिची यंत्रं भंगारात गेली.

हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात चाललं होतं. शाल्मली देवळे, वय साठीच्या पुढे, पोटभर जेवून दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. शेजारी तिची धाकटी बहीण गार्गी. उपाशी, म्हणून चिडलेली.

“दाबून जेवलीस वाटतं,” गार्गी म्हणाली.

“पाटी वाचली नाहीस?”

“वाचली. तू तृप्त आणि मी उपाशी, हे आयुष्यभर चालूच होतं. आता पाटीवर लिहून लावलंय एवढंच.”

“तू उपाशी? सगळं आयतं मिळालेली बाई ती तू! सोफा, टीव्ही, दुधाचा कप.”

“आणि टिंबू. म्हण ना. तोंडातल्या तोंडात का ठेवतेस?”

शाल्मलीने तोंड फिरवलं. कारण मुद्दा तोच होता.

जालन्याच्या त्या घरात बाबा मराठी शाळेत मास्तर होते. थोरलीला त्यांनी स्वतःच्या शाळेत घातलं. धाकटीच्या वेळी आई अडून बसली आणि गार्गी इंग्रजी शाळेत गेली. त्यामुळे शनिवारी सकाळी टिंबूच्या सावल्या पडद्यावर पळायच्या तेव्हा गार्गी सोफ्यावर असायची आणि शाल्मली मैदानात हात वर, हात खाली करत असायची. दुपारी घरी आली की ती चप्पलही न काढता म्हणायची, “सांग. मी गेल्यापासून सांग.” गार्गी सांगायची. सोमवारी तोच भाग शाल्मली वर्गात सांगायची, स्वतः पाहिल्यासारखा, वर चार गोष्टी पदरच्या घालून. वर्गात टीव्ही कुणाकडेच नव्हता, त्यामुळे ‘रविवारी पुन्हा दाखवतात’ ही तिची थाप खपायची.

ते खोटं टिकलं. पन्नास वर्षं टिकलं. आता शाळेतले सगळे म्हातारे झाले होते आणि म्हातारपणी माणसं लहानपणाकडे धावतात तशी टिंबूकडे धावत होती. शाळेच्या ग्रुपवर रोज तोच विषय. “शाल्मली, तुला सगळं आठवतं, तू सांग!” ती सांगायची आणि फोन ठेवल्यावर तिच्या पोटात आग पेटायची. तिने टिंबूचं तोंडही पाहिलं नव्हतं. ते दुसरीच्या डोक्यात होतं, आणि त्या दुसरीला त्याची किंमत नव्हती.

*

डॉक्टर नसरीन तांबोळी टेबलावर पाय हलवत बसल्या होत्या. त्यांना समजावून सांगायची हौस होती.

“आठवण म्हणजे फोटो नाही, शाल्मलीताई. मेंदूतल्या पेशींनी एकमेकींचे हात एका विशिष्ट पद्धतीने धरलेत, ती पद्धत म्हणजे आठवण. आम्ही तिला ठसा म्हणतो. आपण काही आठवतो तेव्हा ते हात थोडे सैल पडतात, मग पुन्हा घट्ट होतात. सैल असतानाच ठसा उचलता येतो.”

“मग कॉपी काढा की,” गार्गी म्हणाली. “माझं मला राहू दे, तिचं तिला.”

“नाही जमत. स्वेटर उसवायचा आणि त्याच लोकरीचा दुसरा विणायचा, असं आहे हे. लोकर एकाची, स्वेटर एकच.”

“बरं. उसवा.”

“थांबा. दुसरी गोष्ट. नुसतं पाहिलेलं मेंदूत टिकत नाही. काल रस्त्यात किती रिक्षा पाहिल्या, आठवतंय? नाही. टिकतं ते भावनेने चिकटलेलं. आम्ही त्या भावनेला डिंक म्हणतो. ठसा निघताना डिंकासकट निघतो.”

“कसला डिंक आहे ते दिसतं का?” शाल्मलीने विचारलं.

“किती आहे ते दिसतं. गार्गीताईंचा भरपूर आहे, इतका मी क्वचित पाहिलाय. कसला, ते यंत्राला कळत नाही. आणि त्याच डिंकाने आणखी काही चिकटलेलं असेल तर तेही सुटतं. म्हणून विचारते, नक्की द्यायचंय?”

“कार्टून बघताना पोरीला काय होणार?” गार्गी म्हणाली. “आनंद. लिहा, आनंद. आणि द्या हिला एकदाचं. मरेपर्यंत तेच ऐकायची माझी तयारी नाही.”

गार्गीच्या डोक्यावर यंत्राची टोपी चढवल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “आता एक शनिवार मनातल्या मनात आठवा. मालिका सुरू होते तिथपासून संपेपर्यंत.”

गार्गीने डोळे मिटले. पण टिंबू कधी टिंबूपासून सुरू करायची तिला सवयच नव्हती. त्या घरात तो तसा कधी सांगितलाच गेला नव्हता. तिने नेहमीसारखी सुरुवात केली. ताई गेली तिथपासून.

*

खिडकी : बाबा स्कूटरला किक मारतात. पुढे पांढऱ्या गणवेशातली ताई उभी. बाबा तिच्या कानात काहीतरी सांगतात. ती हसते.

पडदा : टिंबू झोपलाय. त्याच्या सात सावल्या पांघरुणाखालून हळूच बाहेर पडतात.

खिडकी : स्कूटर गेली. धूर राहिला.

पडदा : सावल्या नदीवर. पाचवी बुडते. रंग फिकट आहेत. चित्र थरथरतं.

खिडकी : कुणी नाही.

पडदा : लंगडी सावली मागे राहिली.

खिडकी : कुणी नाही. दुधावर साय धरलीय.

पडदा : नावं वर सरकतायत.

खिडकी : दुपार. आले! बाबांच्या हाताला तेलकट कागद. ताईच्या ओठांना भज्यांचा वास. दोघं कुठेतरी थांबले होते. दोघं नेहमीच थांबतात. ताई चप्पलही न काढता म्हणते, सांग.

सांगते. पण माझ्या पोटात

*

शाल्मलीने डोळे उघडले. पोटात आग पेटली होती, ओळखीचीच. फक्त त्या आगीचं तोंड उलट्या दिशेला होतं.

टिंबू तिला मिळाला होता. गोलमटोल, जरा वेंधळा, तिने सोमवारी सांगितलेल्या टिंबूच्या पासंगालाही न पुरणारा. पण त्याच्याकडे लक्ष कुणाचं होतं? तिला ती स्कूटरवरची पोरगी दिसत होती. बाबांच्या दोन हातांच्या मधे उभी राहिलेली, भजी खाऊन आलेली, वर सोफ्यावरच्या बहिणीकडे हिशोब मागणारी. अशी पोरगी समोर आली तर चिमटा काढावा असं तिला वाटलं. ती पोरगी ती स्वतः होती.

तिने स्वतःची ती सकाळ आठवून पाहिली. वारा, बाबांच्या शर्टाचा वास, कढईतून काढलेली भजी. काहीच नीट हाताला लागेना. त्या सगळ्या वेळात ती मनाने घरी होती, सोफ्यावर.

शेजारच्या खाटेवर गार्गी बिस्किट खात होती.

“कसं वाटतंय?” डॉक्टरांनी तिला विचारलं.

“हलकं,” गार्गी म्हणाली. “दुखणारा दात काढल्यासारखं. कुठला होता तेही आठवत नाही.”

*

पूर्वी गार्गीचा रोज सकाळी फोन यायचा. “काय बाबांच्या लाडके, उठलीस का?” इथून सुरू होऊन भांडण आईच्या पैठणीवर, मग कुणाच्या लग्नात कुणाला आधी वाढलं यावर जायचं. तो फोन बंद झाला. शाल्मलीने वाट पाहिली. मग मान खाली घालून स्वतःच केला.

“आईची पैठणी माझ्याकडेच आहे म्हटलं,” ती म्हणाली. “देणार नाही.”

“ठेव की,” गार्गी म्हणाली. “तुला शोभते.”

“बाबांचं घड्याळही मीच घेतलंय.”

“छान केलंस. तब्येत बरी ना?”

“गार्गे, तू भांडत का नाहीस?”

दारात उभ्या राहिलेल्या नव्या शेजारणीशी बोलावं तशा मऊ आवाजात गार्गी म्हणाली, “कशावरून भांडायचं, ताई?”

शाल्मली डॉक्टरांकडे गेली. “परत द्या तिला. सगळं. टिंबू नको मला.”

“येतं देता,” डॉक्टर म्हणाल्या. “पण घेणाऱ्याची संमती लागते. गार्गीताईंना मी कालच विचारलं. एवढा डिंक निघाल्यावर मलाच राहवेना.”

“मग?”

“त्या हसल्या. म्हणाल्या, ते जे काही होतं त्याच्यासकट ताईकडेच राहू दे. मला आता छान झोप लागते.” डॉक्टरांनी पाय हलवणं थांबवलं. “तुम्हा दोघींना एकमेकींशी काय बांधून ठेवत होतं, ते मी आधी विचारायला हवं होतं.”

घरी येऊन शाल्मली सोफ्यावर बसली. खिडकीतून समोरचा रस्ता दिसत होता. तिच्या पोटात आता दोन पोरींची आग होती आणि दोन्ही पोरी एकमेकींना बघून जळत होत्या. त्यावर आता तिसरी आग जडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती, जिला कुणाचाच हेवा वाटत नव्हता. ती या वेळी शांतपणे जेवत असेल. तिला आयतं मिळालं होतं हेही.

शाल्मलीने फोन उचलला, नंबर लावला आणि पलीकडून “हॅलो, कोण?” आल्यावर ठेवून दिला.

मालिका एकूण अकरा शनिवार चालली. त्यातल्या दोन शनिवारी वीज नव्हती.