पिवळा जाकीटवाला

"अहो, तुम्ही व्हा ना पुढे!" ती धापा टाकत म्हणाली.

"नाही जमणार." मागून आवाज आला. शांत, जराही दम न लागलेला.

"मी बाजूला होते की—"

"मग मीही बाजूला होईन. ज्याच्या मागे कुणी नाही, त्याच्या मागे मी. तेच काम दिलंय मला."

तिने वळून पाहिलं. पिवळं जाकीट, गोल चष्मा आणि हसू असं, की रागवायचं तरी कसं! म्हणजे चारशे माणसांत आपण शेवटच्या... तिचे कान तापले.

या धावण्यात तिचं नाव घातलं होतं वहिनीने. मुलांच्या इस्पितळासाठी देणगी जमवायची, त्यासाठी पाच किलोमीटर. पळा, चाला, कसंही पोहोचा. "दिवसभर बेकरीत एका जागी उभी असतेस, पायांना जरा जग दाखव," असं म्हणून तिला आणलं आणि शिट्टी वाजताच ही बया पसार!

"बोलत राहिलं की पायांना कळत नाही," जाकीटवाला म्हणाला. "काय करता तुम्ही?"

"केकवर नावं लिहिते. तुम्ही?"

"चष्मे बनवतो. तुम्ही लिहिलेलं लोकांना वाचता यावं म्हणून."

तिला हसू फुटलं आणि हसता हसता पोटात कळ आली. तो थांबला. कळ जाईपर्यंत नुसता शेजारी उभा राहिला. ना घाई, ना उपदेश. एवढ्या साध्या गोष्टीने तिला इतकं बरं का वाटावं, कोण जाणे.

निघताना तो म्हणाला, "दर रविवारी सकाळी आम्ही काहीजण तळ्याभोवती पळतो. याल?"

"बघू," ती म्हणाली. आणि शनिवारी संध्याकाळीच बूट दाराशी काढून ठेवले!

असे पाच महिने गेले. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. बाकीची मंडळी पुढे जायची. शेवटच्याला सोबत करायची ती त्याने, हे तिथेही ठरलेलंच. ती डब्यातून केकच्या कापलेल्या कडा आणायची.

"पळून झाल्यावर केक?"

"मग पळायचं कशासाठी?"

तो बोटं चाटायचा आणि ती उगाचच तळ्याकडे बघायची.

"काय म्हणतंय तुझं शेपूट?" वहिनी चिडवायची.

"तो कुणाच्याही मागे राहतो गं. माझ्या जागी एखादं कासव असतं, तरी राहिला असता."

"मग विचार की सरळ!"

विचारू? आणि तो म्हणाला, हो, काम म्हणूनच येतो... तर? मग रविवारी कुठल्या तोंडाने जायचं? आहे तेही हातचं जाईल.

पुढच्या धावण्याचा दिवस आला. आता ती पाच किलोमीटर न थांबता पळायची. पण त्या दिवशी तिने तीनदा लेस बांधली, दोनदा पाण्याचे घोट घेतले, आणि सगळे पुढे गेल्यावर हळूच मागे पाहिलं.

पिवळ्या जाकिटात एक वयस्कर बाई होत्या.

"तो चष्मेवाला? त्याने हे काम सोडलं या वेळी. म्हणाला, मला पळायचंय."

झालं! म्हणजे कामच होतं ते. काम सुटलं, आपणही सुटलो. तिचे डोळे भरून आले. आता खरोखरच तिचे पाय उचलेनात. बाई मागून चालत राहिल्या.

तिसऱ्या किलोमीटरला समोरून कुणीतरी उलट्या दिशेने पळत आलं. घामाने निथळलेला, चष्मा नाकावर घसरलेला... तो!

"तू मागे?" त्याला धड बोलताही येईना. "अगं, शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन आलो! तू पुढे असशील, तुला गाठायचं, म्हणून जीव तोडून पळालो..."

"मी मुद्दाम मागे राहिले."

"का?"

"तू मागे असशील म्हणून."

त्याने घसरलेला चष्मा वर सरकवला.

"जाकीट का सोडलंस?" तिने विचारलं.

"ते घालून चाललो असतो, तर तुला वाटलं असतं, काम करतोय. मला... नुसतं तुझ्याबरोबर चालायचं होतं. तू आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून."

"मग इतके महिने मूग गिळून का बसलास?"

"नाही म्हणाली असतीस, तर रविवारही गेले असते."

"वेडा कुठला! मीही त्यालाच घाबरत होते." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "मलाही तू आवडतोस. फार आवडतोस."

मागून खाकरल्याचा आवाज आला. "बाळांनो, तुमचं सावकाश चालू द्या. मला पुढे जायची परवानगी नाही. मी आपली त्या झाडाकडे बघते."

त्याने हात पुढे केला, आणि लगेच मागे घेऊ लागला. "घामाने चिकट झालाय गं..."

"असू दे," ती म्हणाली, आणि तिने तो घट्ट धरला.