खडूच्या रेषेच्या आत

"अहो, छत्रीवाले! ती छत्री ठेवा आणि पळा!"

दारातल्या तरुणानं दचकून मागं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"पळू? कुणापासून?"

"कुणापासून नाही, माझ्याकडे! सरळ, माझ्याकडे बघत. आणि लाजू नका. लाजलात की मान खाली जाते नि फोकस सुटतो."

आता अशी आज्ञा आयुष्यात किती जणांच्या वाट्याला येते! क्रीडागृहाच्या लाकडी जमिनीवर एक मुलगी पालथी पडलेली, कोपरं रोवलेली, डोळ्याला कॅमेरा आणि कॅमेऱ्यापुढे हातभर लांब लेन्स. वर पत्र्यावर पाऊस तडतडतोय, खाली दिव्यांचा उजेड अगदी जेमतेम. तरुणानं एकवार त्या मुलीकडे पाहिलं, छत्री भिंतीला टेकवली आणि पळाला.

तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. काकांचं छायाचित्रणाचं मासिक होतं आणि त्यातलं 'कसोटी' हे पान हिचं. बाजारात नवं काही आलं की भिंगरी त्याला घाम फोडायची आणि दिसेल ते छापायची. आजची पाहुणी होती मोठी झूम लेन्स. दूरचं जवळ आणणारी, अंधूक उजेडातही उजेडाचं छिद्र पूर्ण उघडून धावतं माणूस लख्ख टिपणारी... असं कंपनी म्हणत होती. ते पडताळायला धावतं माणूस हवं. चुलतभावानं येतो म्हणून ऐनवेळी टांग दिलेली. मग देवानं दारात धाडला तो आपला, म्हणून तिनं याला जुंपलं.

"थांबा! ती खडूची रेषा ओलांडू नका. तिच्या आत आलात की लेन्सला तुम्ही दिसतच नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला दिसता. पण मी कामात आहे. परत जा, पुन्हा पळा. आणि जरा जीव तोडून! मघाशी बस सुटून गेल्यासारखे आलात."

"आणि आता कसा येऊ?"

"बस अजून मिळेल अशी आशा असल्यासारखे."

तो हसला, आणि हसतच धावत आला. तेवढ्यात तिनं धडाधड बटण दाबलं. मग उठून बसून ती चित्रं मोठी करून बघू लागली. भुवईवर अडकलेला पावसाचा थेंबसुद्धा स्वच्छ. पापण्या तर मोजाव्यात अशा. कामापुरतं बघून झालं होतं... तरी ती आणखी जरा बघत राहिली.

"कशी आहे?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"कोण?"

"लेन्स."

"हां — लेन्स! फारच छान. अशी मी आजवर पाहिली नाही."

हे ऐकून त्याचा चेहरा खुलायला हवा होता. तो उतरला. पिशवीतून त्यानं लेन्सच्या तोंडावर बसवायचं काळं कडं काढलं. "हे तुम्हाला पाठवायचं राहिलं होतं. तेवढं द्यायला आलो होतो. मी कंपनीच्या दुरुस्ती विभागात असतो."

भिंगरी ताडकन उठली. "कंपनीचे तुम्ही? कसोटी चालू असताना कंपनीचं माणूस आसपास फिरकू द्यायचं नाही हा माझा नियम आहे!"

"मी कुठे फिरकलो? तुम्हीच पळवलंत."

तिनं कडं हिसकून घेतलं आणि दाराकडे बोट दाखवलं. तो दारापर्यंत गेला. छत्री उघडली. मिटली. आणि माघारी आला.

"एक सांगायचंय... ही लेन्स दुकानात मिळते तशी नाही. मासिकांना द्यायच्या लेन्स वेगळ्या निवडतात. त्यांत ही सगळ्यांत सरस, आणि वर हिची भिंगं मी पुन्हा एकेक करून जुळवलीत. विकत घेणाऱ्याच्या हाती ही पडणार नाही."

पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा वाटू लागला.

"हे मला का सांगताय? कळलं तर नोकरी जाईल तुमची."

"जाईल कदाचित. पण तुम्ही जमिनीवर पडून इतकं मनापासून बघत होतात... मला ते बघवेना."

तिला राग आला होता. कंपनीचा, लेन्सचा आणि सगळ्यांत जास्त म्हणजे या माणसाचा राग येत नाही याचा. "चला," ती म्हणाली, "तुमच्या छत्रीत दोघं मावतात का?"

मावत नव्हती. दोघांचा एकेक खांदा भिजला. ओळखीच्या दुकानात शिरून तिनं दिवसभरासाठी तसलीच लेन्स मागितली. दुकानदारानं काचेतली पुढे केली. "ती नको. ती मागची, धूळ बसलेली. खोकं न फोडलेली."

पुन्हा क्रीडागृह, पुन्हा ती रेषा, पुन्हा त्याची धावाधाव. मधोमध सारं ठीक, पण डावीकडचा खांब मेणासारखा वितळलेला. तीन वेळा टिपला, तिन्ही वेळा तसाच.

"उजेडाचं छिद्र जरा बारीक केलं तर सुधारेल," तो हळूच म्हणाला. शेवटी लेन्स त्याच्याच कंपनीची, घरचीच लेक.

"बारीक केल्यावर सगळ्याच लेन्स संत होतात! पूर्ण उघडल्यावर कोण टिकतं ते बघायचं असतं."

"माणसांचंही तसंच बघता?"

"बघते ना. मघाशी दारातून माघारी आलात, तेव्हा बघून झालं."

एवढं बोलून ती स्वतःच गडबडली, आणि उगाचच लेन्स पुसत बसली...

दुसऱ्या दिवशी काकांनी मजकूर वाचून चष्मा कपाळावर चढवला. "भिंगरे, वेड लागलंय का? शेवटच्या पानावर त्या कंपनीचीच जाहिरात आहे!"

"म्हणून माझंही पान त्यांनाच देऊ?"

"कुण्या पोरानं सांगितलं नि तू विश्वास ठेवलास."

"त्याच्या शब्दावर एक ओळ लिहिलेली नाही. त्यांनी पाठवलेल्या लेन्सचा आणि दुकानातल्या लेन्सचा, असे दोन फोटो समोर ठेवलेत. तुमचे डोळे काय म्हणतात?"

काकांचा जन्म कॅमेऱ्यामागे गेलेला. बघायचं नाही असं ठरवूनही त्यांचा हात भिंगाकडे गेलाच. ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"खांब विरघळलाय गं..."

"हे छापायचं नसेल तर माझं पान कोरं सोडा, काका. वर 'कसोटी' तेवढं राहू द्या. त्याखाली खोटं मी लिहिणार नाही."

"कोरं पान म्हणे! हट्टी कुठली!" काका गुरगुरले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "छाप. आणि तो डावा कोपरा आणखी मोठा करून छाप. लोकांना माझ्यासारखं वाकायला लागू नये."

अंक निघाला तशी शेवटच्या पानावरची जाहिरात गेली. कंपनीत चौकशी झाली. तो नसता बोलला तर कुणाला कळलंही नसतं. पण साहेबांनी विचारल्यावर हा सरळ म्हणाला, "मीच सांगितलं." त्याला घरी पाठवलं.

भिंगरीला हे कळलं ते क्रीडागृहातच. ती दुसरी लेन्स घेऊन पालथी पडली होती, चुलतभावानं पुन्हा टांग दिली होती आणि दारात ओळखीची छत्री उभी होती. त्यानं दारातूनच सगळं सांगून टाकलं.

"पस्तावलात?" तिनं कॅमेऱ्याआडून विचारलं.

"एकाच गोष्टीसाठी. त्या दिवशी धावायचे बूट घालून यायला हवं होतं." त्यानं पाय पुढे केला, आज होते. "कोपऱ्यावर एक टेबल भाड्यानं घेतोय. लेन्स दुरुस्तीचं. निवडलेल्या आणि धुळीतल्या, दोन्ही."

"मग उभे काय राहिलात? पळा!"

तो आला. बस मिळणारच अशा खात्रीनं आला आणि खडूच्या रेषेपाशी आपणहून थांबला.

"थांबलात का?"

"याच्या आत आलो की दिसत नाही ना. शिवाय तुमचा नियम... कंपनीच्या माणसानं..."

भिंगरीनं कॅमेरा डोळ्यावरून काढला आणि अलगद जमिनीवर ठेवला. उठून बसली, वाकली आणि तळहातानं ती रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून टाकली.

"तू आता कुठे कंपनीचा आहेस?" ती म्हणाली. "ये."